चव्वेचाळिसावा धागा

उणे बासष्ट

अजून तीन माणसं कमी होती.

झूराकान आधी खिडकीपाशी बसली, मग उठून दाराशी बसली, मग पुन्हा खिडकीपाशी. साडेपाचची गाडी, आणि घड्याळात सहाला दहा मिनिटं उरलेली. सोळा आसनं, तेरा डोकी. ड्रायव्हर जेकशेन टायरला पाय टेकवून सूर्यफुलाच्या बिया फोडत उभा होता. सोळा झाल्याशिवाय तो चाकाला हात लावणार नव्हता, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. कारा-बाल्ताहून बिश्केकला जाणारी गाडी भरली की सुटते. भिंतीवर जे वेळापत्रक आहे, ते भिंतीसाठी आहे.

"किती वेळ, जेकशेन?"

"तीन माणसांचा, एजे."

शर्यत आठला. शहराची मोठी शर्यत, चौकातून सुटणारी, हजारो माणसांची. झूराकानच्या स्वेटरखाली छातीवर चार पिनांनी लावलेला कागदी क्रमांक होता, एकवीसशे अठ्ठेचाळीस. मुलाने, मक्सातने, तो शनिवारी सुक्या जर्दाळूंच्या पुडीबरोबर जेकशेनच्याच हाती पाठवला होता. या रस्त्यावर औषधापासून आमंत्रणापर्यंत सगळं ड्रायव्हरच्या हातीच येतं. पहाटे चारला उठून तिने तो लावून टाकला, तिथे गेल्यावर पिना शोधण्यात मिनिट जायला नको म्हणून. आता मिनिटं इथे जात होती. गाडीत बसून. फुकट.

उजव्या खिशात धागा होता. दोन हात लांब, काळ्या आणि पांढऱ्या लोकरीचा, चार पदरी. बारीक धागा तिला पसंत नसे; पळणारी पोहोचायच्या आत पोरं ओढून तोडतात.

नातू तिलेक तेरा महिन्यांचा झाला होता आणि दोन आठवड्यांपूर्वी टेबल सोडून चार पावलं चालला होता. मूल चाललं की त्याच्या दोन्ही पायांना मधे फुली पाडून असा धागा बांधायचा. लांबून माणसांनी पळत यायचं, पहिला येईल त्याने तो कापायचा आणि मुलाला हात धरून चार पावलं न्यायचं. मग त्याचा रस्ता मोकळा. गावात हे अंगणात होतं. मक्सात राहायचा नवव्या मजल्यावर, अंगण कुठून आणणार? तेव्हा सुनेने, बेगिमायने, फोनवर तोडगा काढला. शहराची शर्यत आहेच, त्यात दहा किलोमीटरचीही आहे, दोन्ही आज्यांनी पळावं. जी कमानीतून आधी येईल ती कापेल. पलीकडून विहीणबाई कालिपा हसल्या होत्या. मक्सातही हसला होता. झूराकान हसली नव्हती. तिने तारीख विचारून घेतली होती.

कालिपा शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेल्या. झूराकान सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईघरात, ओल्या चादरींचे गठ्ठे उचलणारी. पण त्रेचाळीस धागे तिने कापले होते. पार पलीकडच्या गावांतून बोलावणी यायची, कारण कापणाऱ्याची चाल पोरात उतरते असं लोक धरून चालतात, आणि झूराकानसारखी पळणारी त्या पट्ट्यात दुसरी नव्हती. त्रेचाळिसांत तिच्या रक्ताचं एकही मूल नव्हतं. आई स्वतःच्या मुलाचा कापत नाही, आणि तिला एकच मुलगा.

मक्सात म्हणाला होता, आई, शनिवारीच ये, इथेच झोप. तिने सांगितलं, ड्यूटी संध्याकाळपर्यंत आहे. ड्यूटी चारला संपली. मक्सात सासरच्या घरात राहतो, घरजावई. आणि ज्या घरात आपल्या मुलाला पांघरूण कुठे ठेवलंय ते विचारावं लागतं, त्या घरात तिला झोप लागली नसती. तिने हिशोब केला होता. पहिली गाडी साडेपाचला, सातला बिश्केक. एवढंच विसरली की रविवारी बाजार गावातच भरतो. रविवारी सगळे गावात येतात. गावातून जातं कोण?

सहा.

ती उतरली. जेकशेनच्या शेजारी उभी राहिली आणि गाडीवाले ओरडतात तशी "बिश्केक, बिश्केक" ओरडायला लागली. जेकशेनने बिया थुंकल्या आणि बघत राहिला. एका पेन्शनरला तिने पटवलं की बहिणीकडे दुपारी जाण्यापेक्षा नाश्त्याला गेलेलं बरं. मग नऊच्या गाडीसाठी बाकावर बसलेलं एक म्हातारं जोडपं तिने जवळजवळ उचललंच. म्हातारीच्या मांडीवर ताकाचा डबा होता. झूराकानने तो एका हातात घेतला, म्हातारीला दुसऱ्या हातात, आणि म्हातारा डब्यामागून आपोआप आला.

म्हातारीने आसनावर टेकल्यावर तिच्याकडे निरखून पाहिलं.

"तू धुलाईवाली झूराकान ना? माझ्या धाकट्याचा धागा तूच कापलास."

"असेल, आपा."

"असेल काय, तूच. इतका जोरात कापलास की पोरगा थेट मॉस्कोला गेला. सहा वर्षं झाली. जरा हळू कापायचास."

गाडी हसली. सोळा माणसं. सहा वाजून सोळा मिनिटं.


उणे चाळीस

दार उघडलं.

खड्डा आला की गाडीचं सरकतं दार आपणहून वीतभर मागे जायचं आणि चिनार, कालवे, गायी सगळं आत यायचं. दाराशी बसलेल्या पेन्शनरने कडी हाताने धरून ठेवली होती, आणि बहिणीपर्यंत पोहोचेन तेव्हा हात खांद्याला असेल का, असं तो विचारत होता. जेकशेनने आरशातून सगळ्यांना विचारलं, कोणाकडे दोरी आहे का. त्याची दोरी काल कोणाची तरी गाडी ओढताना गेली.

कोणाकडे नव्हती.

झूराकानने खिशावर हात ठेवला आणि बाहेर पाहिलं. ती दोरी नाही. तिने स्वतःला दोनदा सांगितलं.

सात वाजले. पुढे ट्रकांची रांग. जेकशेन कडेच्या मातीवरून काढायला गेला, परत आला. सव्वासात. मांडीवरचे तिचे हात चादर पिळावी तसे एकमेकांत फिरत होते.


उणे सहा

लोखंडी कठडा आडवा, त्याच्यापुढे एक पोलीस, त्याच्यापुढे रिकामा रस्ता.

जेकशेनने काच खाली करून बराच वेळ हुज्जत घातली. निष्पन्न असं झालं की शर्यतीसाठी शहराचा मधला भाग बंद आहे. गाड्यांनी वळसा घालून उत्तरेकडून जावं. उत्तरेकडे सगळ्याच गाड्या गेल्यात, म्हणजे तास धरा. सात वाजून अडतीस मिनिटं.

झूराकान उतरली.

"रस्ता बंद आहे," पोलीस म्हणाला. "शर्यत आहे."

तिने स्वेटर वर करून क्रमांक दाखवला. "मी शर्यतीतच आहे."

पोलिसाने क्रमांक पाहिला, तिला पाहिलं, मागच्या गाडीकडे पाहिलं. "शर्यत इथून सुरू होत नाही, एजे. चौकातून होते."

"मग चौकात चालले."

त्याने कठडा एका बाजूने उचलला. मागून जेकशेनने हॉर्न दिला, म्हातारीने खिडकीतून काहीतरी म्हटलं ते ऐकू आलं नाही.


उणे पाच, उणे चार, उणे तीन

सहा पदरी रस्ता आणि एकही गाडी नाही. ती आधी सवयीने कडेच्या मातीतून पळाली. मग मधून. स्वेटर कमरेला बांधला. सिग्नल रिकाम्या रस्त्याला लाल दाखवत होते, हिरवा दाखवत होते. दक्षिणेला पर्वतांवर बर्फ, त्याकडे तिचं लक्ष नव्हतं. फुटपाथ झाडणारी एक बाई थांबून बघत राहिली.

फोन वाजला. तिने पळतच उचलला.

"आई, कुठे आहेस?"

"रस्त्यात."

"कुठल्या रस्त्यात? इथे सगळे उभे राहिलेत. त्या पण."

त्या म्हणजे कालिपा. तिने म्हटलं, येते. तो म्हणाला, आई, नसेल जमत तर राहू दे, आपण नंतर घरीच काहीतरी. ती म्हणाली, बोलायला लावू नकोस, दम जातो. आणि फोन बंद केला.

आठ. काहीच झालं नाही. पक्षी ओरडत होते.

आठ दहा. लांबून लाउडस्पीकर. गेलेल्यांना शुभेच्छा.


शून्य

कमान उभी होती. तिच्याखाली रस्ताभर कागदी पेले, आणि कोणी नाही.

आडव्या रबरी पट्टीपाशी पिवळ्या जाकिटातली एक मुलगी वायर गुंडाळत होती. आठ वाजून एकवीस मिनिटं. झूराकानने विचारलं, संपलं का? मुलीने वायर खाली ठेवली, पट्टीवरचा आपला पाय उचलला आणि बाजूला झाली.

"यावरून जा. क्रमांकात यंत्र आहे बारीक. पाय पडला की तुमचा वेळ सुरू."

"माझा?"

"तुमचाच. बाकीचे कधी गेले त्याच्याशी तुमचा संबंध नाही."

झूराकान पट्टीवरून गेली. कुठेतरी टुक् वाजलं. संबंध होता म्हणून तर ती आली होती.


दोन

शेवटून पहिला दिसला. बाबागाडी ढकलणारा बाप, बाबागाडीत झोपलेलं पोर. मग हात धरून चालणाऱ्या तिघी, कॉलेजातल्या असाव्यात. मग काठी घेतलेले एक गृहस्थ, छातीवर युद्धाची पदकं, आज आणखी एक घेणार होते. ती पाठी मोजत गेली. हॉस्पिटलमागच्या कालव्याच्या बांधावर रोज पहाटे ती एकटी पळायची. पाठ दिसायचीच नाही कोणाची. इथे पाठीच पाठी, आणि हवी ती पाठ नाही.

पोटरी ओढत होती. गावाच्या हिशोबाने ती आठ किलोमीटर पळाली होती, शहराच्या हिशोबाने दोन.


चार

रस्ता जिथून गेला तिथूनच परत येत होता. मधे नुसते शंकू ठेवलेले. पलीकडून परतणारे दिसायला लागले. नारिंगी टोपी तिने लांबूनच ओळखली. तशी टोपी मक्सातने दोघींनाही घेतली होती. झूराकानची घरी राहिली होती.

कालिपा सरळ पाठीने, कोपर अंगाशी घेऊन, पुस्तकात दाखवतात तशा पळत होत्या. चेहरा लाल. झूराकानला पाहिलं आणि त्यांची लय चुकली. एक क्षण थांबल्यासारख्या झाल्या. मग हात वर केला.

"विहीणबाई, जपून. घाई नाही आता."

आणि गेल्या.

हे टोचून होतं की काळजीने? झूराकान पुढचा अर्धा किलोमीटर तेवढंच वाक्य उलटंसुलटं करत राहिली. बाई वाईट नव्हती. गेल्या नवरोजला तिच्या गुडघ्यासाठी मलम पाठवलं होतं, डबी अजून अर्धी होती. वाईट असती तर सोपं झालं असतं. घाई नाही आता. आता म्हणजे काय? आता कशाला?

तिने वेग वाढवला. पाचाच्या वळणावर कोणीतरी पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने डोक्यावर ओतला.


नऊ

पायात काही उरलं नव्हतं. तिने पायाखालचं बघणं सोडलं आणि चादरी मोजायला घेतल्या. यंत्रातून एका वेळी बारा निघतात. पहिली, दुसरी. ओली चादर कोरडीच्या चौपट जड. सातवी, आठवी. मॉस्कोला गेलेल्या पोराचा चेहरा तिला आठवेना, त्याच्या पायातले लाल मोजे आठवले. जरा हळू कापायचास. बारावी. पुन्हा पहिली.


दहा

कमान. टुक्. नऊ बेचाळीस.

कोणीतरी गळ्यात पदक घातलं. झूराकानने मान वर करून माणसं शोधली. कमानीपाशी तिचं कोणी नव्हतं.

ती बागेच्या बाजूला वळली. मक्सातने सांगितलं होतं, ओकच्या झाडांखाली गालिचा टाकू. गालिचा होता. त्यावर बोरसोकची, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, पिवळीधमक रास, चहाचे थर्मास. आणि गवतावर तिलेक चालत होता. एका बाजूला बाप, एका बाजूला कालिपा, मधे तो, पोट पुढे काढून, प्रत्येक पावलाला स्वतःच्या पायाकडे बघत.

गालिच्याच्या कडेला एक लाल चकचकीत फीत पडली होती, केकच्या खोक्यावरची. दोन तुकडे. शेजारी कात्री.

बेगिमाय उठून आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"एने, तो झोपायला लागला होता. फीत ओढत होता, रडत होता. आम्ही वाट बघितली. बराच वेळ बघितली. मग आईला म्हटलं..."

"बरं केलंस," झूराकान म्हणाली. "झोपेत कसं कापणार."

मक्सात तिच्या बुटांकडे बघत होता. बूट मातीने भरलेले. शर्यतीच्या रस्त्यावर माती नव्हती.

कालिपा कात्री उचलून पुढे आल्या. अजून दम लागलेलाच होता. "तुमचा धागा आणलाय ना तुम्ही? खरा धागा तोच. बांधू या परत. तुम्ही कापा. ही फीत काय, खोक्याची."

मनापासून म्हणत होत्या. झूराकानने खिशात हात घातला. चार पदर बोटांना लागले. सगळे तिच्याकडे बघत होते, तिलेकसुद्धा.

"पाय एकदाच मोकळे करतात, विहीणबाई," ती म्हणाली. "आणि चालतोय की. छान चालतोय."

हात तिने रिकामा बाहेर काढला.

मग चहा झाला. मग सगळ्यांचे फोन एकेक करून वाजले. शर्यतवाले वेळ कळवत होते. मक्सातने सासूचा मोठ्याने वाचला, एक तास चोवीस मिनिटं. टाळ्या वाजल्या. झूराकाननेही वाजवल्या, मग फोन काढून मांडीवर धरला आणि बघितलं. एक तास एकवीस.

तिने परत बघितलं. क्रमांक तिचाच होता.

"तुझा किती, आई?"

तिलेक गालिचा ओलांडून आला होता. त्याने तिच्या गुडघ्याला मिठी मारली, गुडघ्याला मलम लावलेलं, ते त्याच्या गालाला लागलं.

"आला नाही अजून," ती म्हणाली, आणि फोन खिशात टाकला. धाग्याच्या खिशात नव्हे, दुसऱ्या.


उणे वीस

परतीची गाडी पाच मिनिटांत भरली. रविवारी दुपारी सगळ्यांनाच गावी जायचं असतं.

जेकशेनने तिला ओळखून पुढची जागा दिली आणि विचारलं, पोहोचलात का. ती म्हणाली, पोहोचले. कितवा नंबर? तिने सांगितलं, माहीत नाही, पुष्कळ माणसं होती. पाय सरळ होत नव्हते, तरी ती दर दोन मिनिटांनी आसनावरच इकडून तिकडे सरकत होती. मक्सातने राहा म्हटलं होतं. बेगिमायने हात धरला होता. तिने सांगितलं, उद्या पहिली पाळी. हे मात्र खरं होतं.

खड्डा आला. दार गेलं. दाराशी बसलेल्या बाईची पिशवी बाहेर लोंबकळली, आतले कांदे हायवेवर उड्या मारत गेले. बाई किंचाळली, गाडी थांबली, तिघांनी उतरून कांदे गोळा केले. जेकशेनने दाराला एक लाथ घातली आणि मग गाडीत डोकं घालून विचारलं, हताशपणे, उत्तराची अपेक्षा न ठेवता, कोणाकडे दोरी आहे का.

झूराकान उठली.

दाराच्या कडीतून एक फेरा, खांबातून दुसरा, मधे फुली. ओढून गाठ. हात आपोआप चालत होते. काळा पांढऱ्यावर, पांढरा काळ्यावर.

जेकशेन बघत होता. त्याच्या घरीही मुलं होती.

"एजे, हा तर तो धागा."

"लोकर आहे," ती म्हणाली. "घट्ट धरेल. चल तू."

त्यानंतर खड्डे आले. दार हललं नाही. कांदेवाली झोपली. झूराकान पहिल्यांदाच एका जागी बसली, शेवटपर्यंत.


उणे बासष्ट

कारा-बाल्ता. बाजार उठत होता, रस्त्यावर टरबुजांच्या साली.

जेकशेन येऊन दाराशी झगडला. रस्ताभर ओढ बसून गाठ आवळली होती, नखांना दाद देईना. आतून सगळे उभे राहिलेले, पिशव्या हातात, मागचे पुढच्यांना ढकलत. कोणीतरी म्हणालं, मघाशी दार बंद होत नव्हतं, आता उघडत नाही. जेकशेनने खिशातून चाकू काढला, पातं उघडलं.

"इकडे दे," झूराकान म्हणाली.

"मी कापतो की, एजे."

तिने हात पुढे करून ठेवला. जेकशेनने चाकू उलटा धरून तिच्या हातात दिला.

आतली ढकलाढकल का थांबली कोण जाणे. तिने पातं फुलीच्या बरोबर मधे लावलं, एकदा श्वास घेतला आणि कापलं. दार सरकलं. उजेड आत आला.

पहिली कांदेवाली उतरत होती, पायरी उंच, पिशवी जड. झूराकानने चाकू डाव्या हातात घेतला, उजव्याने तिचा हात धरला आणि सवयीने तिला चार पावलं पुढे नेलं.